रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी आणि खान्देशातलं संशोधन

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ रानपिंगळा, म्हणजे रानातलं एक छोटं दुर्मीळ घुबड, पुन्हा दिसला. त्याआधीचा खात्रीचा नमुना १८८४ सालचा होता, म्हणजे मधे तब्बल ११३ वर्षं गेली. पक्षी सातपुड्याच्या पायथ्याला होताच. शोधणाऱ्यांची दिशा चुकली होती आणि त्याला कारण होती एक चिठ्ठी. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक भरलेला रानपिंगळा होता. १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी त्याच्या पायाला होती. ती खरी धरली, तर पक्षी १८८४ नंतरही आणि आणखी पश्चिमेला होता असं ठरतं, आणि मग लोक तिकडेच शोधत राहतात.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी जगभरच्या संग्रहालयांतले रानपिंगळे तपासले. ते जेमतेम सात. मांडवीच्या म्हणवल्या जाणाऱ्या कातडीवर शिवण उसवून आतलं भरण बदलल्याच्या खुणा निघाल्या. मूळ नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खान्देशात गोळा केलेला होता. लंडनच्या संग्रहालयातून तो उचलून त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. ती चिठ्ठी बाद केल्यावर जुन्या खऱ्या ठिकाणांवर लक्ष गेलं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट शहाद्याला आले आणि त्यांना पक्षी दिसला.

शिलालेख वाचणारा, केळीवर प्रयोग घेणारा, अहिराणी ध्वनिमुद्रित करणारा, पाड्यावर सर्वेक्षण करणारा, अशा सगळ्यांना ही हकिगत लागू आहे. शाखा बदलली की पुराव्याचं रूप बदलतं, पण प्रत्येक काम पहिल्या नोंदीवर उभं राहतं. गणित चुकलं तर पुन्हा मांडता येतं. नोंद चुकली तर तो दिवस, ते पीक, ती म्हातारी पुन्हा मिळत नाही. खान्देशात इतक्या तऱ्हेचं संशोधन एका तापीच्या खोऱ्यात चालतं की या नोंदीचे सगळे प्रकार इथे पाहायला मिळतात.

रानपिंगळ्यापासूनच सुरुवात करू. गावात दिसणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत घोटाळा होतोच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी असतं, छाती गडद, पोट बरंचसं स्वच्छ पांढरं, पाय दणकट. तो दिवसाही हिंडतो. वहीत ‘रानपिंगळा दिसला’ एवढंच लिहिलं तर ती नोंद कुणाला तपासता येत नाही. ‘डोक्यावर ठिपके दिसले नाहीत, पोट पांढरं, अंतर अंदाजे ३० मीटर, सकाळी ९.१०, सागाच्या वाळक्या फांदीवर’ असं लिहिलं तर दहा वर्षांनी दुसरा माणूसही त्यावर मत देऊ शकतो. पाहिलं ते आणि त्यावरून ठरवलं ते, हे दोन रकान्यांत वेगळं लिहावं. जागेचे अक्षांश-रेखांश दशांशात पाच अंकांपर्यंत घ्यावेत, म्हणजे लिहिण्यातली चूक मीटरभराच्या आत राहते. गावासोबत तालुका लिहावाच. पिंप्री, वडगाव, सावखेडा ही नावं आपल्याकडे इतक्या तालुक्यांत आहेत की नुसत्या नावावरून जागा सापडत नाही. (रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा वहीत असावी, समाजमाध्यमावर नसावी. घरट्याशी गर्दी झाली की पक्षी जागा सोडतो.)

आता चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊ. तिथल्या देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला देणगी दिली, असं तो लेख सांगतो. लेख बराचसा संस्कृत, शेवटचा देणगीचा भाग जुन्या मराठीत. एकाच दगडावर गणिताच्या इतिहासकाराला भास्कराचार्यांची वंशावळ मिळते, भाषेच्या अभ्यासकाला १३व्या शतकाच्या सुरुवातीची खान्देशातली मराठी मिळते. अर्थव्यवस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला पाटणच्या बाजारात विक्रीच्या मालावर राजा गिऱ्हाइकाकडून काय घेत होता आणि त्याने ते मठाला कसं तोडून दिलं, हे कळतं. दगड एक, प्रश्न तीन, आणि तिघांचंही काम अक्षरांच्या एकाच ठशावर अवलंबून.

म्हणून ठसा नीट यायला हवा. दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. भिजवलेला कागद वरून खाली लावत जायचा आणि आतली हवा काढायची. मग राठ केसांच्या ब्रशने हलकेच ठोकून कागद अक्षरांच्या खाचेत बसवायचा. कागद अर्धवट सुकला की शाईच्या बोळ्याने वरवर टिपायचं, म्हणजे पृष्ठभाग काळा होतो आणि अक्षरं पांढरी राहतात. कागद फार ओला असताना शाई लावली तर ती खाचेत उतरते आणि अक्षर भरून जातं. पूर्ण सुकू दिला तर कागद सुटून अक्षर सरकतं. ठसा काढून होताच मागे वरची बाजू, ठिकाण, तारीख आणि ओळींची संख्या पेन्सिलीने लिहायची. संरक्षित स्मारकात आधी परवानगी लागते. अक्षरं ‘उठून दिसावीत’ म्हणून खडू किंवा रंग भरणं हा गुन्हाच समजावा. रंग भरणारा त्याला जे अक्षर वाटलं ते रंगवतो आणि पुढचे सगळे वाचक त्याचाच अंदाज वाचत बसतात. दगडाला हात न लावता काम करायचं तर रात्री एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर विजेरी धरून चारही दिशांनी फोटो घ्यावेत. दुपारच्या उन्हात समोरून काढलेल्या फोटोत उथळ काना-मात्रा हमखास बुडतात.

याच लेखाची तारीख घ्या. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं पहिलं), श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असं आहे. दख्खनच्या गणनेनुसार अलीकडचं प्रभव संवत्सर शके १९०९ला झालं. तिथून साठ-साठने मागे गेलं (७८० म्हणजे साठाचे तेरा फेरे) तर शके ११२९ येतं, ११२८ येत नाही. शकाचा आकडा आणि संवत्सराचं नाव यांत एक वर्षाचा फरक पडतो. जुन्या लेखांत असे फरक आढळतात, कारण वर्ष ‘चालू’ मोजलं की ‘गत’, यात घोळ असतो आणि कोरणाऱ्याचीही चूक होते. अभ्यासकांनी संवत्सर आणि ग्रहण जुळवून ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरली. नुसत्या ११२८ मध्ये ७८ मिळवून १२०६ लिहिणारा एक वर्ष चुकतो. शक, संवत्सर, तिथी, वार, ग्रहण यांपैकी जितक्या गोष्टी लेखात असतील तितक्या सगळ्या एकमेकांशी ताडून पाहायच्या. आणि लिहिताना मूळ आकडा ११२८ हाच उतरवायचा, दुरुस्ती आपल्या टिपेत करायची.

मोडी कागदांत हीच कसरत रोजची. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. अशा ठिकाणी काम करायला येणारे बरेच जण लिपी शिकून येतात पण कालगणना शिकून येत नाहीत. पत्रावर सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) अरबी शब्दांत असतो आणि आधी एकम, मग दशक, शतक, हजार असा उलटा वाचायचा असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. सुहूर वर्ष मृगाला बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपताची १४ जानेवारी १७६१ ही तारीख ११६१ अधिक ६०० अशीच येते. चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. ‘सीत’ म्हणजे सहा आणि ‘सितैन’ म्हणजे साठ, ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर. शब्दाची शेपटी कसरीने खाल्ली की दशकाचा एकम होतो. दुसरी चूक पैवस्तीची. पत्रावर लिहिल्याची तारीख असते आणि पोचल्यावर कारकुनाने घातलेली पैवस्तीची तारीख वेगळी असते. ती पत्राची तारीख समजली तर लढाईच्या आधीचं पत्र लढाईनंतरचं होतं. कागद वाचायला घेतल्यावर तो कोणत्या घराण्याच्या दप्तरातला, कोणत्या रुमालातला (कापडी गाठोड्यातला), आधीचा-नंतरचा कागद कोणता, हे पहिल्या ओळीत उतरवायचं. रुमाल सोडून कागद ‘विषयवार’ लावून ठेवण्याची हौस अनेकांना असते. ती आवरा. शेजारचा कागद हाच बिनतारखेच्या कागदाचा साक्षीदार असतो.

बोलींच्या अभ्यासात दगड नाही, कागद नाही, समोर माणूस आहे, आणि विचारण्यानेच उत्तर बदलतं. जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी एक ठरलेली गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांमार्फत ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून मागवली होती. १९०७च्या खंडात खान्देशी, म्हणजे अहिराणी, भिल्ली भाषांसोबत ठेवली आहे. काम प्रचंड मोठं होतं. पण भाषांतर करून घेतलं की मूळ वाक्याची ठेवण बोलीत उतरते, हा धोका तिथे होता आणि आज मोबाईलवर अहिराणी गोळा करणाऱ्यांनाही तोच आहे. ‘आहे’ला काय म्हणता, ‘मला’ला काय म्हणता, असं मराठीतून विचारलं तर ‘शे’ आणि ‘माले’ मिळतात आणि तिथेच काम थांबतं. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो हे कळतं, पण कुठे होत नाही हे कळत नाही. त्यापेक्षा काम विचारावं. कळण्याची भाकरी कशी करतात, कपाशीच्या काड्यांवर वांगी कशी भाजतात, आखाजीला गौराई कशी बसवतात, कानबाईला काय काय लागतं. दहा मिनिटांत क्रियापदांचे सगळे काळ आपसूक निघतात. विचारणारा प्रमाण मराठीत बोलत असेल तर सांगणारा शहाण्यासारखं बोलू लागतो. म्हणून गावातल्याच, अहिराणी बोलणाऱ्या माणसाने प्रश्न विचारावेत आणि अभ्यासकाने बाजूला बसावं.

ध्वनिमुद्रण दाबून छोट्या केलेल्या फाइलीत करू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची मूळ वेव्ह फाइल ठेवावी, नाहीतर ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक पुढे यंत्रावर खात्रीने तपासता येत नाही. मोबाईल विमान-स्थितीत टाकावा, पंखा बंद करावा, माइक तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला ठेवावा. सुरुवातीला आपल्या आवाजात तारीख, गाव, तालुका, सांगणाऱ्याचं वय, माहेर आणि सासर नोंदवावं. माहेर फार महत्त्वाचं, कारण बाई चोपड्याची आणि नांदायला साक्रीला असेल तर तिची बोली कुठली धरणार? उतरवताना तीन ओळी कराव्यात. पहिलीत जसं बोलली तसं, दुसरीत शब्दाखाली शब्द, तिसरीत अर्थ. पहिल्या ओळीत ‘शुद्ध’ करायचा मोह झाला की काम संपलंच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी ऐकणाऱ्यांनी उतरवून ठेवली म्हणून उरली, आणि त्यांच्या बोलीतच उतरवली म्हणून ती बहिणाबाईंची राहिली.

आकड्यांचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते. जनगणनेत खान्देशी भाषेखाली (अहिराणी त्यातच धरतात) मोजलेले लोक २००१ साली २० लाख ७५ हजार होते, २०११ साली १८ लाख ६० हजार. बोलणारे दहा वर्षांत दोन लाखांनी घटले असं लगेच लिहून टाकलं जातं. जनगणना मोजते ते लोकांनी काय सांगितलं ते. घरात अहिराणी बोलणारा माणूस प्रगणकासमोर ‘मराठी’ सांगतो, कधी प्रगणक न विचारताच लिहितो. आकडा खरा आहे, तो ‘सांगितलेल्या मातृभाषेचा’ आहे. बोलणारे घटले का, हे पाहायला घरातल्या तीन पिढ्या एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात याची वेगळी पाहणी करावी लागेल.

विज्ञानाच्या नोंदी यंत्राच्या असतात म्हणून चुकत नाहीत, असा एक समज आहे. विहिरीच्या पाण्याची पातळी हे सगळ्यात सोपं मोजमाप. यावल-रावेर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो थर आहे, त्यात पाणी झपाट्याने मुरतं आणि उपशाने तितक्याच झपाट्याने खोल जातं. म्हणून तिथल्या नोंदींना मोल आहे. टेप कठड्यावरून सोडला आणि १४.२० मीटर आलं, कठडा ०.८० मीटर उंच असेल तर जमिनीपासून खोली १३.४०. एका वर्षी कठड्यापासून, दुसऱ्या वर्षी जमिनीपासून मोजलं की काहीही न होता ‘पातळी ८० सेंटिमीटर वाढली’. दुसरी चूक वेळेची. पहाटे पाणी स्थिर असतं म्हणून पहाटे मोजायला जातात, पण शेतीची वीज रात्रपाळीची असेल तर पहाटेच पंप नुकता बंद झालेला असतो आणि पाणी अजून वर चढत असतं. पंप कधी बंद केला हे विचारून लिहावं, आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजावं. आकडा बदलला तर पाणी अजून स्थिर झालेलं नाही.

केळीवरचा प्रयोग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात मेहनत आणि पैसा मोठा असतो आणि चूक बारा महिन्यांनी कळते. समजा खताच्या पाच मात्रा तपासायच्या आहेत. किती वेळा पुनरावृत्ती करायची याचा साधा हिशेब असा: (मात्रा वजा एक) गुणिले (पुनरावृत्ती वजा एक) किमान १२ यावं. पाच मात्रांना चार पुनरावृत्ती लागतात, म्हणजे २० वाफे. दीड बाय दीड मीटरवर प्रत्येक वाफ्यात २५ झाडं, एकूण ५०० झाडं, साधारण ११ गुंठे. मोजायची ती मधली नऊच, कारण कडेच्या झाडाची मुळं शेजारच्या वाफ्यातलं खत खातात. ठिबकच्या नळीत सुरुवातीला दाब जास्त, शेवटी कमी. एकाच मात्रेचे चारही वाफे सुरुवातीला पडले तर खताचा म्हणून जो फरक दिसेल तो पाण्याचा असेल. म्हणून शेताचे चार पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात पाचही मात्रा आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. ‘सोयीने’ ठरवायचा नाही.

लागवड मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) की कांदेबागेची (पावसाळ्याअखेरची), हे न लिहिलेला अहवाल वाचण्यात अर्थ नाही. दोन्हींचा निसवणीचा (घड बाहेर पडण्याचा) काळ वेगळा, म्हणून थंडीचा आणि उन्हाचा मारा वेगळ्या वयात बसतो. घड तोलताना दांडा कुठे कापला ते एकदा ठरवून घ्यावं. मधेच हरण्या हा केळीचा विषाणूरोग आला तर काय करायचं हेही आधीच ठरवावं. हा विषाणू मावा पसरवतो, आणि मावा झाडावर बसून सोंड खुपसताच काही क्षणांत रोग देऊन जातो. फवारणीने मावा मरतो, पण बऱ्याचदा रोग देऊन झाल्यावर. काकडीवर्गीय आंतरपीक आणि बांधावरचं तण हे त्याचं घर. रोगट झाड उपटावंच लागतं. उपटल्यावर वहीत त्या झाडासमोर ‘नाही, हरण्या, अमुक तारीख’ असं लिहायचं. तिथे नवं रोप लावून ते मोजणीत धरायचं नाही, आणि शून्य वजनही लिहायचं नाही. रिकामं आणि शून्य यांतला फरक न कळल्याने चांगले प्रयोग वाया गेलेले असतात.

समाजशास्त्राच्या पाहणीत वेळ चुकते ती ऋतूची. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. दिवाळीनंतर अनेक पाड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत किंवा इतर जिल्ह्यांत जातात. जानेवारीत कुलूपबंद घरं सोडून शेजारच्या घरी प्रश्नावली भरली की जे गेले ते सगळे आकड्यांतून गेले. उरतात म्हातारी माणसं आणि थोडी बरी स्थिती असलेली कुटुंबं. मग अहवाल सांगतो की पाड्यावर स्थलांतर कमी आहे. बंद घरही नोंदवायचं, शेजाऱ्याकडून कुठे गेले आणि कधी येणार ते विचारायचं, पावसाळ्यात पुन्हा जायचं. टक्केवारी पाच टक्क्यांच्या फरकाने हवी असेल तर ३८५ माणसं लागतात हे पुस्तकी सूत्र आहे. पण ते गावागावांतून गठ्ठ्याने निवडलेल्या नमुन्याला पुरत नाही. एका पाड्यावरची माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून साधारण दुप्पट धरावी लागतात. जमीन बिघ्यात सांगितली तर बिघाच लिहावा आणि त्या गावात एकरात किती बिघे ते शेजारी लिहावं.

या सगळ्या शाखा एका जागी पाहायच्या तर पांझरेवर जावं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची पाणीवाटपाची फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात सारंग, जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडम. लाभक्षेत्राचे चार फड, एका फडात एक पीक, पीक आळीपाळीने फिरतं. शेतकऱ्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या फडांत असतात, म्हणून टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला तर तोटा सगळ्यांना वाटून येतो. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. बंधाऱ्याचा दगड-चुना इतिहासाचा, पाण्याचा वेग अभियांत्रिकीचा, आळीपाळी शेतीशास्त्राची, जागल्याचा मोबदला समाजशास्त्राचा.

मोजायचं असेल तर चारीचा सरळ दहा मीटरचा तुकडा घ्या. रुंदी ६० सेंटिमीटर, पाण्याची खोली २० सेंटिमीटर असेल तर छेद ०.१२ चौरस मीटर. संत्रं किंवा लिंबू सोडून वेळ तीनदा मोजा. सरासरी २५ सेकंद आली तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी सावकाश असतं म्हणून ०.८५ने गुणा. प्रवाह सेकंदाला साधारण ४१ लिटर निघतो. मग चारीच्या शेवटाला जाऊन त्याच दिवशी, त्याच रीतीने पुन्हा मोजा. दोन आकड्यांत जो फरक येईल त्यातला किती पाझरला आणि किती वाटेत वळवला गेला, हे संत्र्यावरून कळणार नाही. ते पाटकऱ्याला आणि जागल्याला वेगवेगळं विचारावं लागेल, आणि दोघांची उत्तरं वहीत वेगवेगळी लिहावी लागतील.